रोमन सैनिकाची दगडी शवपेटी कशी वाचावी: कोंकोर्दियाच्या एका लेखावर हात बसवताना

लॅटिन कोरीव लेख वाचायला शिकणारा मराठी माणूस बहुतेक वेळा चुकीची अपेक्षा घेऊन बसतो. सैनिकाची कबर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वीरगळ येतो: खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंग आणि चंद्रसूर्य. मग चौथ्या-पाचव्या शतकातल्या रोमन सैनिकाची दगडी पेटी समोर येते आणि तिच्यावर लढाईचा 'ल'सुद्धा नसतो. लिहिलेलं असतं ते एवढंच, की ही पेटी मी माझ्या पैशाने घेतली आहे, हिच्यात दुसऱ्या कोणाला ठेवू नका. वीरगळ शोधायला गेलात तर हिरमोड होईल. सातबारा शोधायला गेलात तर ओळ न् ओळ उलगडत जाईल.

हाताशी एकच खरा लेख घेऊ आणि त्याच्यावरच सगळं शिकू. सैनिकाचं नाव फ्लावियुस अलातान्कुस, बायकोचं बितोर्ता. जागा इटलीच्या ईशान्येची, व्हेनिसपासून साधारण ६० किलोमीटरवरची. आजचं नाव कोंकोर्दिया सागित्तारिया, रोमन काळातलं युलिया कोंकोर्दिया. 'सागित्ता' म्हणजे बाण. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात इथे बाणांचा सरकारी कारखाना होता, तो 'नोतितिया दिग्नितातुम' या पदांच्या आणि सैन्याच्या यादीत नोंदलेला आहे. व्हिया आन्निया आणि व्हिया पोस्तुमिया हे दोन मोठे रस्ते इथे एकत्र येत. आल्प्सच्या खिंडीतून इटलीत उतरणारं किंवा पूर्वेकडे निघालेलं सैन्य याच पट्ट्यातून जाई. इथे सैनिकांचं दफनस्थान का, हा प्रश्न त्यामुळे फार अवघड उरत नाही.

१८७३ साली दारियो बेर्तोलिनी यांच्या देखरेखीखाली इथलं दफनस्थान उघडं झालं. अडीचशेच्या आसपास दगडी पेट्या निघाल्या, आणि भूजल इतकं वर की खोदलेल्या जागेत पाणी भरायचं. बऱ्याच पेट्या कोऱ्या होत्या, लेख थोड्यांवरच. जवळच्या पोर्तोग्रुआरोमध्ये १८८८ साली संग्रहालय उभं राहिलं, तिथे आज हा लेखसंग्रह बघायला मिळतो.

आधी पेटी बघा, मग अक्षरं

नवखा माणूस फोटो उघडतो आणि थेट पहिल्या अक्षरावर झडप घालतो. थांबा. लेख पेटीच्या कोणत्या भागावर आहे? झाकण आहे का? कोंकोर्दियाच्या पेट्या चुनखडीच्या, जाडजूड, झाकण घराच्या उतरत्या छपरासारखं आणि चार कोपऱ्यांना उभे शिंगासारखे उंचवटे. नक्षी फारशी नाही. रोम शहरातल्या श्रीमंतांच्या संगमरवरी शवपेट्यांवर देव, शिकारी, मेंढपाळ यांची गर्दी असते, इथे तसलं काही नाही. अशा पेट्या तयार मिळत असाव्यात आणि नाव नंतर घातलं जात असावं, असा अंदाज बांधायला जागा आहे. अलातान्कुस स्वतःच 'विकत घेतली' म्हणतो, 'घडवून घेतली' म्हणत नाही. क्रियापद काय सांगतं ते कळण्याआधी दगड काय सांगतो ते बघितलं की असे दुवे आपोआप जुळतात.

फोटोविषयी एकच सूचना. समोरून पडलेला उजेड अक्षरं खाऊन टाकतो. बाजूने, दगडाला घासून जाईल असा तिरपा उजेड हवा. आपल्याकडे लेण्यांत सकाळी लवकर जाऊन ब्राह्मी लेख बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. संग्रहालयात असाल तर परवानगी घेऊन मोबाइलची बॅटरी बाजूला धरली तरी पुष्कळ दिसतं. खडूने अक्षरं भरणं, पाणी मारणं, स्वतःच्या हिमतीवर ठसा घेणं, यातलं काहीही करू नका.

जसं आहे तसं उतरवा

दगडावर सगळी मोठी अक्षरं असतात. शब्दांमध्ये जागा असेलच असं नाही. 'यू' आणि 'व्ही' यांना एकच खूण, व्हीसारखी. ओळ संपली की शब्द जिथे असेल तिथे तुटतो आणि पुढच्या ओळीवर चालू होतो, संयोगचिन्ह वगैरे भानगड नाही. आपल्या जुन्या शिलालेखांतही हेच चालतं. त्यामुळे पहिली नक्कल ओळीला ओळ ठेवून, अर्थ न लावता करायची. अर्थ लावत लावत नक्कल केली की आपण दगडावर नसलेली अक्षरं बिनदिक्कत वाचतो. माझं पहिल्या महिन्यात दर दुसऱ्या लेखाला हे व्हायचं. 'असं असायला हवं' आणि 'असं आहे' यांतलं अंतर डोळ्यांना शिकवावं लागतं.

दुसऱ्या नकलेत कंस येतात. १९३१ साली लायडन इथे ठरलेले नियम आज जवळजवळ सगळीकडे चालतात. गोल कंस म्हणजे कोरणाऱ्याने संक्षेप केला होता आणि वाचणाऱ्याने तो फोडला. चौकोनी कंस म्हणजे दगड तिथे फुटला किंवा झिजला आहे आणि मजकूर वाचणाऱ्याने भरला आहे. टोकदार कंस म्हणजे कोरणाऱ्याची चूक वाचणाऱ्याने दुरुस्त केली. तिरपी रेघ म्हणजे ओळ संपली. या चार खुणा आल्या की छापील आवृत्तीतलं निम्मं कोडं सुटतं. उदाहरणार्थ या काळातल्या सैनिकांच्या लेखांच्या सुरुवातीला बहुधा नुसतं 'एफ एल' असतं, त्याचं वाचन 'फ्ला(वियुस)' असं छापतात. चौकोनी कंसातल्या शब्दावर मात्र इमला बांधायचा नाही. तो शब्द दगडाचा नाही, एखाद्या विद्वानाचा आहे, आणि विद्वानही चुकतात.

लॅटिन किती यायला हवं?

या कामापुरतं फार नाही. पण ज्या लॅटिनची पुस्तकं मिळतात त्याहून हे लॅटिन थोडं बिघडलेलं आहे, म्हणजे खरं तर जिवंत आहे. लोक जसं बोलत तसं कोरलं गेलं. शब्दाच्या शेवटचा 'म' गळतो, म्हणून 'आर्काम'ऐवजी 'आर्का' भेटतं. 'ब' आणि 'व' एकमेकांच्या जागी येतात, म्हणून 'ओबितुम' (मरण) हे 'ओवितुम' होतं. 'पोस्त'चं 'पोस' होतं. विभक्तीचे प्रत्यय सैल पडतात. याला अशुद्ध म्हणून नाक मुरडू नका आणि नकलेत सुधारूही नका. इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच भाषा ज्या वाटेने निघाल्या त्या वाटेची पहिली पावलं अशाच दगडांवर दिसतात. आपल्या गावाकडच्या समाधीवर 'कै.'नंतर जे काही कोरलेलं असतं ते शाळेच्या व्याकरणाला धरून असतं का?

आता हे शब्द पाठ करा, कारण ते पुनःपुन्हा येणार आहेत. 'आर्का' म्हणजे पेटी, इथे दगडी शवपेटी. 'दे प्रोप्रियो सुओ' म्हणजे स्वतःच्या पदरच्या पैशातून. 'सिबी' म्हणजे स्वतःसाठी. 'कोम्पारारे' म्हणजे विकत घेणे, 'एमेरे' म्हणजेही तेच. 'कुम कोन्यूगे सुआ' म्हणजे आपल्या पत्नीसह. 'नुमेरुस' शब्द बघून आकडा समजू नका, या काळात त्याचा अर्थ सैन्याची तुकडी. 'सी क्विस' म्हणजे 'जर कोणी', आणि हा शब्द दिसला की सावध व्हा, दंडाचं कलम सुरू झालं.

लेखाचे तुकडे पाडा

अलातान्कुसचा लेख आता तुकड्या-तुकड्याने घेऊ.

पहिला तुकडा: 'फ्लावियुस अलातान्कुस दोमेस्तिकुस'. फ्लावियुस हे आपल्याला वाटतं तसं त्या माणसाचं स्वतःचं आडनाव किंवा घराण्याचं नाव नाही. हे सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्याचं नाव. ३२४ साली तो एकछत्री सम्राट झाल्यानंतर सैनिक आणि सरकारी नोकर ते आपल्या नावापुढे लावू लागले. वंशापेक्षा दर्जा सांगणारी ती खूण होती, जवळजवळ पदवीसारखी. त्यामुळे एका दफनस्थानात पन्नास फ्लावियुस भेटले तर ते भाऊबंद समजू नयेत. अलातान्कुस हे नाव मात्र लॅटिन नाही, ते जर्मनिक वळणाचं आहे. याच दफनस्थानात फ्लावियुस हारिसो नावाचा एक जण आहे, 'एरुली सेनियोरेस' म्हणजे 'ज्येष्ठ एरुली' या तुकडीतला. त्याचंही नाव जर्मनिकच. रोमन सैन्यात त्या काळात अशा लोकांचा मोठा भरणा होता, हे ग्रंथांत वाचतो. इथे ते नावानिशी भेटतात.

'दोमेस्तिकुस' इथे अडखळायला होतं, आणि अडखळावंच. हा शब्द सम्राटाच्या निवडक रक्षकदलातल्या माणसासाठी येतो, तसाच एखाद्या सेनाधिकाऱ्याच्या पदरी असलेल्या खासगी कारभाऱ्यासाठीही येतो. लेखात पुढे तुकडीचं नाव नाही, त्यामुळे एकाच अर्थावर बोट ठेवता येत नाही. भाषांतरात 'अंगरक्षक' लिहून मोकळं होण्याचा मोह टाळा आणि शब्द तसाच ठेवा.

दुसरा तुकडा: पत्नी बितोर्तासह, पेटी स्वतःच्या पैशातून, स्वतःसाठी विकत घेतली. क्रियापद 'कोम्पारावेरुन्त', अनेकवचनी. कर्ता एकवचनात सुरू झाला, 'पत्नीसह' आला आणि वाक्याच्या शेवटी दोघांनी मिळून घेतली असं झालं. व्याकरणाच्या मास्तरांना खटकेल, पण मला हा लेखातला सगळ्यात बोलका प्रत्यय वाटतो. खरेदी नवऱ्याची नाही, दोघांची आहे. शिवाय ती हयातीत केलेली आहे. मेल्यावर वारसांनी उभारलेला हा दगड नाही, म्हणून वय नाही, किती वर्षं नोकरी केली ते नाही, मृत्यूचं कारण नाही.

पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या सैनिकाच्या दगडाशी हे ताडून बघा. तिथे वर 'डी एम' म्हणजे 'दिस मानिबुस', मृतांच्या आत्मदेवांना. मग बापाचं नाव, मतदारगट, गाव, लेजियनचा (मोठ्या सैन्यदलाचा) क्रमांक, 'इतकी वर्षं जगला, इतकी वर्षं सैन्यात होता', शेवटी वारसाचं नाव. म्हणजे अख्खा सेवापट. इथे तो गळून पडला आहे आणि मालकी तेवढी उरली आहे.

तिसरा तुकडा 'पेतिमुस'पासून: आम्ही विनंती करतो. कोणाला? 'ओम्नेम क्लेरुम', म्हणजे धर्मगुरूंच्या सगळ्या मंडळाला, आणि सगळ्या 'फ्रातेर्नितास'ला, म्हणजे बंधुवर्गाला. नवरा-बायको ख्रिस्ती आहेत हे सांगायला क्रूस कोरायची गरजच नाही, हे दोन शब्द पुरे. विनंती काय? 'नुल्लुस दे गेनेरे नोस्त्रो वेल आलिक्विस', आमच्या कुळातल्या कोणालाही किंवा दुसऱ्याही कोणाला या कबरीत ठेवू नये. आमच्या कुळातलंसुद्धा नको! दगडी पेटी महाग, झाकण उचललं की आत जागा, आणि नातेवाइकाला पुरायचा खर्च वाचवायचा मोह मोठा. परक्यापेक्षा पुतण्याची भीती जास्त, हे ज्याने कोर्टात वाटणीचे दावे बघितले आहेत त्याला समजावून सांगावं लागत नाही.

शेवटचा तुकडा 'स्क्रिप्तुम एस्त', असं लिहिलेलं आहे. पुढे वचन येतं: जे तुझ्या बाबतीत व्हावं असं तुला वाटत नाही, ते दुसऱ्याच्या बाबतीत करू नकोस. नवखे इथे लगेच मत्तयच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय लावतात. पण तिथलं वचन होकारार्थी आहे, इथलं नकारार्थी. नकारार्थी रूपाचा भावार्थ तोबित या जुन्या यहुदी ग्रंथातल्या चौथ्या अध्यायात आहे. 'हिस्तोरिया आउगुस्ता' या चरित्रसंग्रहात तर सम्राट सेव्हेरुस अलेक्झांडर हेच वाक्य वारंवार उच्चारत असे आणि शिक्षा देताना दवंडीवाल्याकडून ते पुकारवत असे, अशी कथा आहे. म्हणजे वाक्य लोकांच्या तोंडी होतं. 'आत्मनः प्रतिकूलानि परेषां न समाचरेत्' हे आपल्याला आठवणारच, आठवू द्या. पण साम्य दिसलं म्हणून लगेच उसनवारी सिद्ध करायला निघू नका.

दंडाचं कलम

अलातान्कुसने विनंतीवर भागवलं, शेजारच्या पुष्कळांनी नाही. त्यांच्या पेट्यांवर 'सी क्विस' येतं: जर कोणी ही पेटी उघडू धजला तर तो 'फिस्की विरिबुस', म्हणजे सरकारी खजिन्यात, अमुक इतकं सोनं भरील. रक्कम पौंडांत. कॉन्स्टंटाइनच्या काळापासून एका रोमन पौंड सोन्यातून ७२ सोलिदुस नाणी पाडत, म्हणजे एक पौंड दंड हासुद्धा घाम फोडणारा आकडा. खजिनाच का? कारण वारस गावात राहतीलच याचा भरवसा नाही. सैनिकाची तुकडी उद्या गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, जाईल. दंड ज्याच्या तिजोरीत जाणार, त्याला तक्रारीत रस राहतो. काहींनी त्याऐवजी आपली पेटी कोंकोर्दियाच्या चर्चच्या हवाली केली.

गद्धेगाळ माहीत असलेल्या वाचकाला हा साचा ओळखीचा वाटेल. दान मोडणाऱ्याला आपल्याकडे शिवी कोरली जायची, इथे सोन्याचा आकडा. दोन्हीकडे लेखाचा शेवट हा पहारेकरी असतो. आणि दोन्हीकडे पहारा किती चालला हे दगडच सांगतो: कोंकोर्दियाच्या पेट्या सापडल्या तेव्हा त्या आधीच फोडलेल्या, लुटलेल्या होत्या.

काळ ठरवताना घाई नको

लेखात साल नाही. मग आतल्या खुणा गोळा करायच्या. फ्लावियुस म्हणजे ३२४ नंतर. चर्चचं मंडळ म्हणजे गावात संघटित ख्रिस्ती समाज, आणि अक्विलेयाचा बिशप क्रोमातियुस याने कोंकोर्दियाच्या चर्चच्या प्रतिष्ठापनेला दिलेलं प्रवचन उपलब्ध आहे. ते चौथ्या शतकाच्या अखेरचं. शेजारच्या पेट्यांवर 'सेनियोरेस' म्हणवणाऱ्या तुकड्या आहेत.

या 'सेनियोरेस' (ज्येष्ठ) आणि त्यांच्या जोडीच्या 'इउनियोरेस' (कनिष्ठ) तुकड्यांवरून एक गंमत सांगण्यासारखी आहे. व्हॅलेंटिनियन आणि व्हॅलेन्स या सम्राट भावांनी ३६४ साली सैन्य वाटून घेतलं, तेव्हा तुकड्यांच्या अशा जोड्या झाल्या, असं मानलं जायचं. मग आशिया मायनरमध्ये नाकोलेया इथे एका सैनिकाचा लेख मिळाला, त्यात तुकडीच्या नावात 'सेनियोरेस' आणि साल ३५६. एका दगडाने सिद्धांताची पायरी आठ वर्षं मागे सरकवली.

कोंकोर्दियाच्या बाबतीतही असा एक मोहक सिद्धांत आहे. सम्राट थिओडोसियस आणि पश्चिमेतला त्याचा प्रतिस्पर्धी युजेनियस यांच्यात ३९४ च्या सप्टेंबरमध्ये फ्रिगिदुस नदीकाठी लढाई झाली. ती जागा इथून फार दूर नाही. तेव्हा हे सगळे सैनिक त्या मोहिमेच्या आसपासचे, असं मांडलं गेलं. आकर्षक आहे, पण नंतरच्या अभ्यासकांनी दफनांचा काळ बराच लांबवला. बायकोसह सावकाश पेटी विकत घेणारा माणूस मोहिमेवरच्या धावपळीतला वाटतो का? मला नाही वाटत. 'चौथ्या शतकाचा उत्तरार्ध ते पाचव्या शतकाचा आरंभ' एवढं लिहावं आणि थांबावं.

ताडून बघा

स्वतःचं वाचन पूर्ण झाल्यावरच छापील वाचन उघडा, आधी नाही. लॅटिन लेखांचा मोठा संग्रह बर्लिनहून थिओडोर मॉमसेनच्या पुढाकाराने सुरू झाला. त्याचा पाचवा खंड उत्तर इटलीचा. पहिला भाग १८७२ साली निघाला आणि दुसरा १८७७ साली, म्हणजे उत्खनन नेमकं दोन्हींच्या मध्ये झालं आणि कोंकोर्दियाचे ताजे दगड दुसऱ्या भागात पोचले. घरबसल्या बघायला क्लाउस-स्लाबी यांचा जर्मन डेटाबेस फुकट आहे, त्यात पाच लाखांहून अधिक लॅटिन लेख आहेत. इटलीतल्या लेखांसाठी रोमचा ईडीआर हा डेटाबेस. शोधताना पूर्ण नाव टाकू नका, विभक्तीने शेवट बदलतो. ए-एल-ए-टी-ए-एन-सी एवढी अक्षरं टाका. संक्षेप शोधायचा असेल तर फोडलेला आणि न फोडलेला, दोन्ही प्रकारे शोधा.

मग मराठी करा, आणि वाक्यांचा क्रम शक्यतो दगडाचाच ठेवा:

'फ्लावियुस अलातान्कुस, दोमेस्तिकुस, याने आपली पत्नी बितोर्ता हिच्यासह ही पेटी पदरच्या पैशाने स्वतःसाठी विकत घेतली. सगळ्या धर्मगुरुमंडळाला आणि समस्त बंधुवर्गाला आमची विनंती की आमच्या कुळातल्या कोणालाही वा इतर कोणाला या कबरीत ठेवू नये. लिहिलेलं आहे: जे तुला झालेलं नको, ते दुसऱ्याला करू नकोस.'

'विनम्र विनंती', 'चिरविश्रांती', 'पवित्र समाधी' असले शब्द घालू नका. दगडावर ते नाहीत.

सरावासाठी दुसरा एक लेख देतो. तो पेटीवरचा नाही, साध्या दगडावरचा आहे आणि जर्मनीत कोलोन इथला. कोरणाऱ्याचे स्पेलिंगचे घोटाळे काढून त्याचा मजकूर असा: 'विआतोरिनुस प्रोतेक्तोर मिलितावित आन्नोस त्रिगिन्ता ओक्किसुस इन बार्बारिको इउक्स्ता दिवितियाम आ फ्रान्को विकारियुस दिवितेन्सियुम'. दिवितिया म्हणजे ऱ्हाइनच्या उजव्या काठावरचा कॉन्स्टंटाइनकालीन किल्ला, आजचं डॉइट्झ. 'प्रोतेक्तोर' हा सैन्यातला एक हुद्दा, 'मिलितावित' सैन्यात होता, 'त्रिगिन्ता' तीस, 'ओक्किसुस' मारला गेलेला, 'इन बार्बारिको' रानटी लोकांच्या मुलखात, 'इउक्स्ता' जवळ, 'आ फ्रान्को' एका फ्रँककडून, 'विकारियुस' दुसऱ्याच्या जागी काम करणारा अधिकारी, 'दिवितेन्सियुम' दिवितियाच्या तुकडीचा. इथे वर्षं आहेत, मरण आहे, मारणारा कोण तेही आहे. पेटीचा, पैशाचा, दंडाचा मात्र पत्ता नाही. 'विकारियुस दिवितेन्सियुम' हे शेवटचे दोन शब्द वाक्यात कुठेच बसत नाहीत असं पहिल्यांदा वाटेल. ते मेलेल्याला चिकटवू नका. दगड कोणी उभारला असेल, ते विचारा.